अमूर्त चित्रकाराचा निसर्ग आणि आपला चित्रकलेचा तास

प्रदर्शनात स्वतःच्या चित्रांजवळ उभं राहिलं की दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा कानावर येणारा प्रश्न म्हणजे "हे नक्की काय आहे?" लोकं तो मनापासून विचारतात, त्यात टिंगल क्वचितच असते, बहुतेकांना खरंच समजून घ्यायचं असतं आणि आपल्यालाच कळत नाहीये की काय अशी थोडी धास्तीही चेहऱ्यावर असते. सुरुवातीची बरीच वर्षं मी याला एक ठरलेलं उत्तर द्यायचे, "निसर्गातून सुचलंय." एवढं म्हटलं की समोरचा माणूस सुटल्यासारखा हसायचा आणि लगेच चित्रात डोंगर शोधायला लागायचा, हे पाणी ना, हा सूर्य ना, आणि मी मान हलवायचे. आता ते उत्तर देणं बंद केलंय. ते खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं, आणि त्या अर्धवटपणाने माझं, बघणाऱ्याचं आणि एकूणच चित्रकलेचं नुकसान होतं असं माझं आता ठाम मत झालंय, त्याबद्दलच लिहितेय.

"निसर्ग ही माझी प्रेरणा आहे" हे वाक्य कुठल्याही प्रदर्शनाचा कॅटलॉग उघडा, सापडेल. हुबेहूब झाड काढणाराही तेच लिहितो आणि कॅनव्हासभर एकच करडा रंग लावणाराही तेच लिहितो. इतकं वापरून झालंय की त्यातून आता काहीच कळत नाही. शिवाय प्रेरणा म्हटलं की डोळ्यासमोर येतं ते असं, की चित्रकार समुद्रावर गेला, सूर्यास्त बघितला, काहीतरी लख्ख झालं आणि घरी येऊन त्याने झपाटल्यासारखं रात्रभर रंगवलं. माझ्या ओळखीच्या एकाही चित्रकाराचं असं होताना मी बघितलेलं नाही. जे होतं ते फार संथ असतं आणि बाहेरून बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल असं असतं, तीच जागा परत परत बघत राहायचं, महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं, बरेचदा हातात पेन्सिलसुद्धा न घेता. गाणाऱ्याचा गळ्याचा रियाज असतो तसा हा डोळ्याचा रियाज. अमूर्त चित्रकार, म्हणजे ओळखू येईल अशी वस्तू न काढता नुसत्या रंग, रेघा, आकारांनी चित्र करणारा, निसर्गातून दृश्य उचलत नाही, तिथल्या गोष्टी कशा वागतात ते शिकून घेतो, आणि ते शिकायला जो वेळ बघण्यात घालवावा लागतो तो घालवायची सवय आपण मुलांच्यात शाळेतच मोडून टाकतो, हे माझं म्हणणं आहे.

"कशा वागतात" म्हणजे काय ते माझ्याच कामावरून सांगते. एका तळ्याकाठी मी खूप वर्षं जातेय. पहिले काही महिने मला ते पाणी दिसलंच नाही म्हणायला हरकत नाही, मला फक्त "तळं" दिसत होतं, म्हणजे डोक्यात आधीपासून असलेला एक निळा आकार. मग हळूहळू एकेक गोष्ट लक्षात यायला लागली. अगदी पायाशी पाणी पारदर्शक असतं, तळाचे दगड, कुजलेली पानं स्पष्ट दिसतात, पण नजर जसजशी लांब सरकते तसतसा तळ पुसला जातो आणि पाण्यावर आकाश यायला लागतं, कारण सरळ खाली बघितलं की पाण्यात शिरून परत आलेला उजेड दिसतो आणि तिरकं बघितलं की पृष्ठभागावरूनच उलटलेला. पाणी तेच, उजेड तोच, फक्त नजरेचा कोन बदलला. मग वाऱ्याचं. मला आधी वाटायचं की पाणी हललं की प्रतिबिंब आडवंतिडवं विस्कटत असेल, तसं नसतं, ते उभं ताणलं जातं, पलीकडच्या काठावरचा एक पांढरा खांब पाण्यात त्याच्या दुप्पट लांब दिसतो. आणि पाण्यात उजळ गोष्टी थोड्या काळवंडतात, काळ्या गोष्टी थोड्या उजळतात, म्हणजे वरच्या जगात जेवढा फरक असतो तेवढा खाली राहत नाही, सगळं एकमेकांच्या जवळ येतं.

एवढं कळायला दोन पावसाळे गेले. आणि मग जे चित्र झालं त्यात तळं नव्हतं. खालच्या भागात रंग इतका पातळ लावला की कॅनव्हासचा पांढरेपणा आतून उजेड देत राहील, एकावर एक सात-आठ पारदर्शक हात, प्रत्येक हात वाळेपर्यंत थांबायचं, आणि वर जाता जाता रंग जाड, अपारदर्शक, पांढरा मिसळलेला, म्हणजे नजर खाली आत शिरते आणि वर अडते. काठ नाही, झाड नाही, निळा रंग तर जवळजवळ नाहीच. प्रदर्शनात एक आजोबा त्या चित्रासमोर बराच वेळ उभे होते, त्यांनी काहीच विचारलं नाही, जाताना फक्त म्हणाले की खाली बुडाल्यासारखं होतं आणि वर गेलं की थोपवल्यासारखं. मी त्यांना तळ्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. "हे काय आहे" या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर मला अजून मिळालेलं नाही आणि ते त्यांनीच दिलं.

हे मी एकटीच करते असं अजिबात नाही, अमूर्त चित्रकलेच्या इतिहासात हा रस्ता पहिल्यापासून आहे. डच चित्रकार पीट मोंद्रियान म्हटलं की लाल-निळे-पिवळे चौकोन आणि काळ्या पट्ट्या आठवतात आणि याने आयुष्यात झाड बघितलं असेल का असं वाटतं. पण हा माणूस तिशी उलटून गेल्यावरही नेदरलँड्समधले नदीकाठ, पवनचक्क्या, शेतघरं रंगवत होता, रीतसर, बघून. मग १९०८ च्या सुमारास त्याने झाडाचा पिच्छा पुरवायला सुरुवात केली. लाल झाड, मग १९११ चं करडं झाड, त्यात खोड अजून ओळखू येतं पण फांद्या कमानींसारख्या झाल्यात आणि फांद्यांमधली मोकळी जागासुद्धा फांद्यांइतकीच घट्ट रंगवलीय, आणि १९१२ च्या फुललेल्या सफरचंदाच्या झाडात तर फक्त त्या कमानीच उरल्यात. १९१५ मध्ये समुद्र आणि धक्का बघून केलेल्या चित्रात आखूड आडव्या आणि उभ्या काळ्या रेघांशिवाय काहीच नाही, आणि तरी थोडा वेळ त्याच्यासमोर थांबलं की त्या रेघा लकाकायला लागतात. ही चित्रं ओळीने बघितली तर तो झाडापासून लांब जात नव्हता हे मला स्पष्ट दिसतं, तो जवळ जात होता, इतका जवळ की झाड हे नाव गळून पडलं आणि झाड ज्याने उभं राहतं ती ताणाताणी तेवढी राहिली.

अमेरिकन चित्रकार हेलन फ्रँकेंथालरची गोष्ट वेगळी आहे, तिच्यात हाताचा भाग जास्त आहे. १९५२ च्या उन्हाळ्यात ती कॅनडात नोव्हा स्कोशियाला गेली, तिथे जलरंगात निसर्गचित्रं केली, आणि न्यूयॉर्कला परतल्यावर जमिनीवर अस्तर न लावलेला कॅनव्हास अंथरून त्यावर पाण्यासारखा पातळ केलेला तैलरंग ओतला, तो कापडात मुरला, जवळजवळ सात फूट बाय दहा फुटांचं चित्र, तेव्हा तिचं वय फक्त २३. नंतर तिने सांगितलं की ते सगळं दृश्य तेव्हा तिच्या हातांमध्येच होतं. मला हे अगदी पटतं. समोर बसून बरीच निसर्गचित्रं केली की एक वेळ येते जेव्हा खांदा आणि मनगट त्या टेकडीचा उतार लक्षात ठेवतात, तुम्ही ठेवला नाही तरी. हे ज्याने आधी केलेलं नाही तो नुसताच रंग ओतेल आणि तो छानही दिसेल कदाचित, पण त्यात उतार नसेल.

आपल्याकडे चित्रकार वासुदेव गायतोंडे. नागपूरला १९२४ मध्ये जन्म, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण, आणि नंतरची ती रोलरने आणि पॅलेट नाइफने (रंग लावायच्या-खरवडायच्या पातळ सुरीने) केलेली, थरांवर थर चढवलेली आणि परत खरवडलेली चित्रं, ज्यांच्यासमोर उभं राहिलं की धुक्यात किंवा समुद्राच्या आत उभं असल्यासारखं वाटतं. त्यांना स्वतःला अमूर्त हा शब्दच नको असायचा, ते आपल्या कामाला नॉन ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे कुठल्याच वस्तूवरून न आलेलं, म्हणत. त्यामुळे त्यांच्या चित्रांवर निसर्गाचं लेबल लावायला मी धजणार नाही, पण त्यांच्या कामाच्या पद्धतीबद्दल जे सगळे सांगतात, की ते वर्षाला मोजकीच चित्रं करत आणि बाकी वेळ बघण्यात, विचारात, नुसतं बसण्यात जाई, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. आज कुणी असं बसून राहिलं तर घरातली माणसंसुद्धा विचारतील की सध्या काम बंद आहे का. बंद नसतं हो, तेच काम असतं.

आपल्याकडचीच चित्रकार नसरीन मोहमदी (१९३७ ते १९९०), तिची रेखाटनं तर इतकी कोरडी, पेन्सिल आणि शाईच्या बारीक सरळ रेघा, आर्किटेक्टच्या साधनांनी ओढलेल्या, की निसर्ग हा शब्द त्यांच्या आसपासही येऊ नये. पण ती आयुष्यभर फोटो काढत होती, वाळूवरच्या लाटांच्या खुणा, वाळवंट, पाणी, जमिनीवरच्या सावल्या, आणि हयात असताना तिने ते कधी प्रदर्शनात मांडले नाहीत. ते फोटो आणि ती रेखाटनं शेजारी ठेवून बघितली की मग लक्षात येतं की ती रेघ कुठून आलीय. शेवटच्या वर्षांत आजारपणामुळे शरीरावरचा ताबा सुटत चालला होता तरी कागदावरची रेघ तेवढीच नेमकी राहिली.

आता याच्या विरुद्ध बाजूचं. तुम्ही म्हणाल की सगळेच अमूर्त चित्रकार काही तळ्याकाठी बसत नाहीत, आणि ते खरं आहे. रशियन चित्रकार मालेविचचा १९१५ चा काळा चौकोन कुठल्याही झाडापासून आलेला नाही. अमेरिकन चित्रकार अॅग्नेस मार्टिनला उभ्या-आडव्या रेघांची पहिली जाळी काढताना झाडांचा निरागसपणा मनात होता, पण म्हणून आपल्या चित्रांकडे निसर्गाची चित्रं म्हणून कुणी बघावं हे तिला मान्य नव्हतं. आणि खुद्द मोंद्रियान, ज्याचा एवढा दाखला मी वर दिला, तो पुढे हिरव्या रंगाला इतका कंटाळला की पॅरिसच्या स्टुडिओत एक खोटं ट्युलिप ठेवून त्याचं पान त्याने पांढरं रंगवलं होतं म्हणतात. मी हे झाकून ठेवणार नाही. अमूर्त म्हणजे निसर्गच असा माझा दावा नाहीच. गणित, संगीत, ध्यान, राग, दुःख, कुठूनही चित्र येऊ शकतं. पण जो चित्रकार निसर्गाचं नाव घेतो त्याने तिथे वेळ दिलेला असला पाहिजे एवढं तरी आपण मागितलं पाहिजे, आणि हल्ली बरंच काम फोनवर बघितलेल्या दुसऱ्या चित्रांवरून होतं आणि खाली निसर्गाचं नाव लिहिलं जातं, याचा मला त्रास होतो.

मग बघणाऱ्याने ओळखायचं कसं? माझी एक साधी सवय सांगते, कडा बघायच्या. दोन रंग जिथे भेटतात ती जागा. निसर्गात दोन कडा कधीच सारख्या नसतात, ढगाची एक बाजू धारदार आणि दुसरी विरघळलेली, ओल्या दगडाची कड उन्हात कापल्यासारखी आणि सावलीत हरवलेली. ज्याने हे खूप बघितलंय त्याच्या चित्रात कडा बदलत जातात, कुठे घट्ट, कुठे सैल, कुठे दोन रंग एकमेकांना न शिवता थांबलेले. ज्याने बघितलेलं नाही त्याच्या सगळ्या कडा एका जातीच्या, सगळ्या मऊ नाहीतर सगळ्या टेपने मारलेल्या. हा काही कायदा नाही, मुद्दाम एकजात कडा ठेवणारे मोठे चित्रकार आहेत, पण सुरुवात करायला ही जागा चांगली आहे आणि यासाठी कलेचा इतिहास माहीत असावा लागत नाही. फक्त चित्रासमोर थांबावं लागतं.

आणि थांबतच तर नाही आपण. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये लोक एका चित्रासमोर किती वेळ थांबतात याची एक पाहणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली होती, सरासरी वेळ निघाला २७ सेकंद, आणि निम्म्या वेळा तर १७ सेकंद किंवा त्याहून कमी. ही जगप्रसिद्ध चित्रं होती बरं का. त्या १७ सेकंदांत फार तर नाव लावता येतं, ही बाई, हे घर, ही नदी. ज्या चित्रात नाव लावायला काही नाही तिथे माणूस रिकाम्या हाताने परत जातो आणि वाटतं की चित्रच रिकामं होतं. पुढे अमूर्त चित्रकलेच्या सुरुवातीच्या मोठ्या चित्रकारांपैकी एक झालेल्या रशियन कांदिन्स्कीचंही पहिल्यांदा हेच झालं होतं. १८९६ मध्ये मॉस्कोत त्याने फ्रेंच चित्रकार मोनेचं गवताच्या गंजीचं चित्र बघितलं आणि त्याला गंजी ओळखूच आली नाही, कॅटलॉग वाचल्यावर कळलं. आधी तो अस्वस्थ झाला, चित्रकाराला असं अस्पष्ट काढायचा हक्क काय असंही त्याला वाटलं, पण ते चित्र डोक्यातून जाईना. त्याच वर्षी तीस वर्षांचा हा कायद्याचा अभ्यासक सगळं सोडून चित्रकला शिकायला म्युनिकला गेला. ओळख न पटल्यामुळे तो बघत राहिला, हा त्या प्रसंगातला माझ्यासाठी सगळ्यात मोलाचा भाग आहे.

म्हणून मला शाळेकडे यायचंय. आपण मुलांना चित्रकलेच्या तासाला काय शिकवतो? नावं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा अर्धा सूर्य, त्याला काड्या काड्यांची किरणं, व्ही आकाराचे पक्षी, चॉकलेटी खोडावर हिरवा ढग ठेवलेलं झाड. यातली एकही गोष्ट मुलाने बघितलेली नसते, त्याने ती पाठ केलेली असते, आणि जितकी व्यवस्थित पाठ तितके जास्त मार्क. मी लहान असताना एकदा पावसात भिजलेल्या झाडाचं खोड जांभळट करड्या रंगाने रंगवलं होतं, कारण खिडकीतून ते तसंच दिसत होतं, आणि बाईंनी त्यावर लाल पेनने फुली मारून शेजारी लिहिलं की खोड चॉकलेटी असतं. बाई वाईट नव्हत्या, त्यांना कुणीतरी तसंच शिकवलं असणार. पण त्यानंतर कित्येक वर्षं मी खोडं चॉकलेटीच रंगवली, खिडकीकडे बघायचं थांबवूनच टाकलं, आणि पुढे कॉलेजात गेल्यावर एका सरांनी झाडाखाली उभं करून विचारलं की यात चॉकलेटी कुठंय ते दाखव, तेव्हा मला तो सापडेना. बहुतेक झाडांची खोडं करड्याच्याच जवळ असतात. बघा कधीतरी.

याच्या उलट एक मास्तर. चित्रकार सय्यद हैदर रझा मध्य प्रदेशातल्या जंगलाजवळच्या खेड्यात वाढला, वर्गात त्याचं लक्ष लागायचं नाही, तेव्हा शाळेच्या मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याला सांगितलं की दुसरं काही नको, फक्त याच्याकडे बघ. त्यांनी त्याला काहीच काढायला सांगितलं नव्हतं, फक्त बघायला सांगितलं होतं. पुढे फ्रान्समध्ये अर्धं आयुष्य निसर्गाची रंगीत, आकार विरघळलेली चित्रं केल्यावर १९८० च्या आसपास तो ठिपका बिंदू होऊन त्याच्या कॅनव्हासच्या मध्यभागी आला आणि शेवटपर्यंत राहिला. चित्रकलेच्या शिक्षणात बघणं हा स्वतंत्र विषय असू शकतो हे सांगायला मला याहून चांगला दाखला माहीत नाही.

हुबेहूब काढायला शिकवूच नका असं मी म्हणत नाहीये, हे नीट ऐका, कारण असं म्हटलं की लगेच गैरसमज होतो. हात तयार व्हायलाच हवा, मी स्वतः अनेक वर्षं मडकी, कपडे आणि माणसांचे चेहरे काढलेत आणि अजून काढते. पण हुबेहूबपणा हा बघण्याचा पुरावा असायला हवा, आज तो पाठांतराचा पुरावा झालाय. मला हवाय तो बदल फार छोटा आहे. महिन्यातून एक तास कागद-रंगांशिवाय, सगळ्या वर्गाने एकाच झाडासमोर किंवा भिंतीसमोर वीस मिनिटं बसायचं आणि मग काय बदललं ते सांगायचं, तेच झाड वर्षभर. रंगाचं नाव घेण्याआधी तो रंग मिसळून दाखवायचा. आणि या तासाला मार्क नकोत. शिक्षक म्हणतात की वर्गात साठ मुलं आहेत, पोर्शन आहे, पालक वही मागतात, आणि त्यांच्या अडचणी खोट्या नाहीत. पण साठ मुलांना गप्प बसून बघायला साठ रंगपेट्या लागत नाहीत, उलट हा सगळ्यात स्वस्त तास आहे. पालकांचं म्हणाल तर त्यांच्याशी बोलावं लागेल, त्याला दुसरा इलाज नाही. गॅलऱ्यांनाही माझी विनंती आहे की चित्रासमोर बाकं ठेवा आणि पाटीवरून "निसर्गापासून प्रेरित" काढून टाका, त्याऐवजी चित्रकाराने काय बघितलं, किती दिवस बघितलं ते लिहा.

हा तास मी एका शाळेत करून बघितलाय, सातवीच्या वर्गासोबत, पावसाळा संपता संपता, मैदानाच्या कडेच्या एका जुन्या झाडासमोर. पहिली पाच मिनिटं कठीण गेली, चुळबुळ, खुसपुस, किती वेळ राहिला विचारणं. मग एका मुलाला सालीच्या भेगेतून मुंग्या खाली येताना दिसल्या, मग सगळे त्या भेगेकडे बघायला लागले, मग भेगेच्या आतला रंग आणि बाहेरचा रंग वेगळा आहे यावर दोघींचं भांडण झालं, जवळ जाऊन खात्री करायची परवानगी मागितली. शेवटी मी त्यांना खोडाच्या रंगांची यादी करायला सांगितली, ओळखीची नावं चालतील, नसतील तर वस्तूचं नाव लिहा म्हटलं. राख, ओलं वर्तमानपत्र, हत्तीचा कान, पाटीवर पुसलेला खडू, गंजलेला खिळा, जुन्या जखमेची खपली, शेवाळाच्या बाजूला शाळेच्या पाण्याच्या टाकीचा आतला हिरवा. एकूण एकतीस निघाले, त्यात चॉकलेटी नव्हता. ती यादी आम्ही फळ्यावर लिहून ठेवली आणि पुढच्या महिन्यात पाऊस गेल्यावर पुन्हा त्याच झाडासमोर बसलो, तेव्हा त्यातले जवळजवळ निम्मे रंग पुसून नवीन लिहावे लागले.